मुलीची पहिली बाहेरगावची स्की मीट: पाठवायचं का, काय द्यायचं, आणि आईबाबांनी काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. लेक नववीत आहे, मिनिॲपोलिसच्या उपनगरातल्या हायस्कूलच्या क्रॉस-कंट्री स्की टीममध्ये आहे, गेल्या वर्षी सगळ्या मीट, म्हणजे स्पर्धा, घराजवळच झाल्या आणि आता जानेवारीत पहिल्यांदाच टीमबरोबर दोन रात्री उत्तरेला बिवाबिकला, तिथल्या जायंट्स रिज या स्की केंद्राला जायचंय. घरी सगळे शाकाहारी, तुम्ही दोघं नाशिकचे, थंडीची धास्ती. आणि विचारलंय की पाठवावं का, नवीन रेस स्की घ्यावी का, खायला काय द्यावं, आणि आपण मागोमाग गाडी काढून जावं का.

पाठवा. यात विचार करण्यासारखं खरंच काही नाही.

मी बरीच वर्षं इथल्या एका ज्युनिअर टीमबरोबर असिस्टंट कोच म्हणून फिरतेय, बसमधली हजेरी घेण्यापासून स्कीला वॅक्स (मेण) लावण्यापर्यंत सगळं करते, आणि माझं ठाम मत असं आहे की बाहेरगावच्या मीटला पोरांचं जे बिघडतं ते ट्रेलवर क्वचित बिघडतं. ते बिघडतं अंगावरच्या ओल्या कपड्यांनी, रिकाम्या पोटाने, अर्धवट झोपेने, आणि बॅग आईने भरलेली असल्यामुळे पोरीला स्वतःचे कोरडे मोजे कुठे आहेत तेच माहीत नसल्याने. या चार गोष्टी सांभाळल्या की बाकीचं टीम सांभाळते.

आधी ट्रिप कशी असते ते सांगते म्हणजे अंदाज येईल. शुक्रवारी शाळा सुटायच्या आधीच पोरांना वर्गातून सोडतात, बसमध्ये आधी स्की बॅगा मग पोलच्या (हातातल्या काठ्यांच्या) ट्यूब मग कपड्यांच्या डफल बॅगा अशा क्रमाने सामान चढतं, आणि ३५ नंबरच्या हायवेने उत्तरेला निघायचं. वाटेत हिंकलीला थांबा, तिथल्या टोबीजचे कॅरॅमल रोल पोरांना देवाच्या प्रसादाइतके प्रिय आहेत, मग डुलूथ आणि तिथून ५३ नंबरने व्हर्जिनिया, आणि मग बिवाबिक. बसने साडेतीन-चार तास सहज जातात, बर्फ पडत असेल तर जास्त. एवढ्या लांब का जायचं असं तुमच्या मिस्टरांनी विचारलंय ना, तर त्याचं कारण असं की राज्याची हायस्कूल स्पर्धा वर्षानुवर्षं जायंट्स रिजलाच होत आलीये आणि तिथले चढ घराजवळच्या पार्कांपेक्षा वेगळे आहेत, लांब आहेत, आणि चढ संपला असं वाटतं तिथे वळण घेऊन परत चढ लागतो. हे पायांना आधी माहीत असलेलं बरं. शिवाय उत्तरेला खरा बर्फ असण्याची शक्यता जास्त. इकडे ट्विन सिटीजमध्ये थिओडोर वर्थ, हायलँड, एल्म क्रीक अशा ठिकाणी मशीनने बर्फ तयार करतात म्हणून पोरांची प्रॅक्टिस तरी होते. २०२३-२४ चा हिवाळा आठवत असेल तुम्हाला, बर्फाचा पत्ता नव्हता, शेजारच्या विस्कॉन्सिनमधली अमेरिकन बर्कबायनर, जी एरवी केबल ते हेवर्ड अशी जंगलातून ५० किलोमीटरची होते, ती त्या वर्षी मशीनच्या बर्फाच्या १० किलोमीटरच्या लूपवर गोल गोल फिरून घ्यावी लागली. त्यामुळे एक गोष्ट आत्ताच मनाशी धरा, की बुधवारपर्यंत काहीही बदलू शकतं, ठिकाण बदलेल, रेसचा प्रकार बदलून क्लासिकच्या जागी स्केट होईल, निघायची वेळ बदलेल. कोचचे मेल रोज बघा आणि त्या वीकेंडला दुसरा कुठलाही कार्यक्रम ठेवू नका.

रेसचं थोडक्यात. क्लासिक म्हणजे दोन समांतर खाचांमधून पाय पुढेमागे, आणि स्केट म्हणजे बर्फावर व्ही आकारात ढकलत जायचं. दोन्हींच्या स्की वेगळ्या, पोलची उंची वेगळी, बूटही बहुतेक वेगळे. वीकेंड मीटला बऱ्याचदा एक दिवस हे आणि एक दिवस ते असतं. पर्सूट असेल तर पहिल्या रेसमध्ये ज्याला जेवढी पिछाडी तेवढ्याच सेकंदांनी त्याला दुसऱ्या रेसला मागून सोडतात, म्हणजे दुसऱ्या रेसमध्ये जो आधी पोचला तो जिंकला, बघायला हे सगळ्यात मजेचं.

आता थंडी. लोकांची भीती उणे आकड्यांची असते, आणि आकड्यांची काळजी नियम घेतात. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या नियमाप्रमाणे ट्रेलवरच्या सगळ्यात थंड जागी उणे २० सेल्सिअसच्या खाली पारा असेल तर रेस होत नाही, फॅरनहाइटमध्ये उणे ४. इथल्या मीटचे आयोजकसुद्धा साधारण त्याच आकड्याच्या आसपास निर्णय घेतात, रेस पुढे ढकलतात नाहीतर अंतर कमी करतात. रेस चालू असताना पोरीला थंडी वाजत नाही हो, तिचं इंजिन पेटलेलं असतं. धोका असतो फिनिश लाइन ओलांडल्यानंतरच्या पंधरा मिनिटांत. अंगातला बेस लेयर, म्हणजे कातडीला लागून असलेला कपडा, घामाने चिंब, हृदयाचे ठोके खाली यायला लागलेत, मैत्रिणी अजून ट्रेलवर आहेत म्हणून ही तिथेच ओरडत उभी राहते, आणि बघता बघता दात वाजायला लागतात. म्हणून आमच्या टीममध्ये शिस्त अशी की फिनिशनंतर आधी जाकीट, मग दहा मिनिटं हळूहळू स्की करायची, आणि लगेच आत जाऊन कातडीला लागलेलं सगळं बदलायचं. सगळं म्हणजे सगळं. मुली वरचा शर्ट बदलतात आणि ओली स्पोर्ट्स ब्रा तशीच ठेवतात, आणि छातीपाठीला गारवा धरून ठेवणारी तीच असते. तुम्ही आई आहात म्हणून स्पष्ट लिहिलं. दोन दिवसांच्या मीटला कमीत कमी चार ब्रा द्या, मोज्यांचे पाच-सहा जोड, दोन बेस लेयर सेट, दोन टोप्या, दोन जोड हातमोजे आणि वर एक जाड मिटन. सुती काहीही नको, सुती बनियन नको, सुती मोजे तर अजिबात नकोत, घाम धरून ठेवतात आणि वाळत नाहीत. लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या. रेसनंतरचे कोरडे कपडे एका वेगळ्या पिशवीत ठेवायचे आणि ती पिशवी हॉटेलवर न ठेवता सोबत शॅलेमध्ये, म्हणजे ट्रेलजवळच्या इमारतीत, न्यायची. दरवर्षी कुणीतरी कोरडे कपडे खोलीवर ठेवून येतंच.

फ्रॉस्टबाइटबद्दल दोन गोष्टी ज्या आपल्या लोकांना कुणी सांगत नाही. सुरुवातीची खूण म्हणून सगळीकडे लाल गाल, पांढरे डाग असं लिहिलेलं असतं, पण सावळ्या-गव्हाळ त्वचेवर तो डाग तितका उठून दिसत नाही, राखाडी किंवा निस्तेज मेणचट दिसतो आणि गोऱ्या कोचच्या डोळ्यांतून सुटू शकतो. त्यामुळे पोरीला सांगून ठेवा की नाकाचा शेंडा, गाल, कानाची पाळी बधिर झाली, टोचणं अचानक थांबलं, तर तेच लक्षण, लगेच आत जाऊन सांगायचं. तिथे बर्फ चोळायचा नाही, हात पण घासायचा नाही, गरम तळवा नुसता धरून ठेवायचा. आणि चेहऱ्याला व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल थापून पाठवू नका, त्याने फ्रॉस्टबाइट टळत नाही, उलट आपण सुरक्षित आहोत असं वाटून पोरं चेहरा झाकत नाहीत. मानेभोवती बफ (तोंडावर ओढता येणारी कापडी नळी), आणि फारच थंडी असेल तर गालांवर टेप लावतात ती आमच्याकडे असते. दुसरी गोष्ट, कानातले. धातू थंडी ओढतो, त्यामुळे कानातले, नाकातली चमकी, गळ्यातली साखळी हे सगळं घरीच काढून ठेवू दे. नवीन टोचलं असेल आणि काढता येत नसेल तर टोपी पाळ्यांच्या खालपर्यंत येईल अशी घ्या.

दमा असेल, किंवा दमा नसूनही जोरात पळल्यावर छातीत शिट्टी वाजत असेल, तर हे आधी डॉक्टरांना दाखवा. थंड कोरडी हवा जोरात ओढल्यामुळे श्वासनळ्या आवळणं हे क्रॉस-कंट्री स्कीअर्समध्ये खूपच कॉमन आहे. पोरगी फिट नाही असा अर्थ काढू नका. इनहेलर असेल तर तो डफलमध्ये न ठेवता जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाजवळ, कारण गारठलेल्या इनहेलरमधून औषध नीट येत नाही. आणि कोचला लेखी कळवलेलं असू दे.

स्कीचं. नवीन रेस स्की घेऊ नका, निदान या वर्षी नको. स्कीची निवड नुसत्या उंचीवर नाही तर मुख्यतः मुलीच्या वजनावर आणि स्कीच्या कडकपणावर ठरते, नववीतली मुलगी अजून वाढतेय, आज फिट बसणारी क्लासिक स्की पुढच्या वर्षी मऊ पडेल. बहुतेक शाळांकडे आणि क्लबांकडे सीझनभर वापरायला स्की असतात, शिवाय नोव्हेंबरच्या आसपास स्की स्वॅप, म्हणजे वापरलेल्या सामानाचे बाजार, होतात, तिथे चांगल्या वापरलेल्या जोड्या मिळतात. मात्र एकटे जाऊन घेऊ नका, कोचला फोटो आणि मॉडेलवरचा आकडा पाठवा. पैसे खर्च करायचेच असतील तर बुटांवर करा. पायाला नीट बसणारा बूट, आत एक मोजा आणि बोटं हलायला जागा. बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी पकड) आणि बुटाचा सोल एकमेकांना जुळतो का ते घेण्याआधी तपासा, जुन्या एसएनएस सिस्टिमचे बूट नव्या बाइंडिंगमध्ये बसत नाहीत आणि स्वॅपला स्वस्तात जे पडलेलं असतं ते बहुतेक तेच.

वॅक्सची काळजी पालकांनी करू नये असं मी म्हणते तेव्हा पालकांना ते आवडत नाही, विशेषतः इंजिनिअर बाबांना. पण सकाळी काय चालतं ते सांगते म्हणजे पटेल. पहाटे साडेसहाला आम्ही टीमच्या वॅक्सच्या ट्रेलरचं दार उघडतो, अंधारच असतो, बर्फात थर्मामीटर खोचतो, समजा उणे १५ आहे. पण रेस दहाला आहे आणि ऊन आलं तर तोवर उणे ८ होईल. क्लासिकला स्कीच्या मधल्या भागाला, पायाखाली, किक वॅक्स लागतं, म्हणजे पाय मागे ढकलला की बर्फाला पकडणारं आणि घसरताना सोडणारं. हिरवं जास्त थंडीसाठी, निळं त्याच्या वरच्या तापमानाला, जांभळं शून्याच्या जवळ, आणि बर्फ वितळून परत गोठलेला असेल तर क्लिस्टर नावाचा चिकट प्रकार, जो हाताला लागला तर दिवसभर सुटत नाही. आम्ही तीन जोड्यांना तीन वेगळी वॅक्स लावतो, थर किती पातळ म्हणाल तर धिरड्याच्या तव्याला तेल पुसतो तेवढा, कॉर्कने घासून सपाट करतो, मग स्की बाहेर बर्फात ठेवून गार होऊ देतो कारण उबदार स्की थेट बर्फावर ठेवली की खाली बर्फाचे गोळे चिकटतात, आणि मग एक जण खाचेत उतरून आधी सपाटीवर आणि मग चढावर जाऊन बघतो. पाय सटकला तर अजून एक थर, घसरताना ओढल्यासारखं वाटलं तर कमी. ठरलं की मग तेच सगळ्यांच्या स्कीला. हे सगळं चालू असताना कुणी पालक येऊन नेटवर अमुक वॅक्स चांगलं म्हणतात असं सांगायला लागला की वीस पोरांच्या स्की उशिरा होतात. तिच्या वाट्याचं काम एवढंच की स्कीवर, पोलवर नाव लिहिलेलं असणं, दोन्ही स्की पट्ट्याने एकत्र बांधलेल्या असणं, आणि सांगितलेल्या वेळी स्की ट्रेलरजवळ आणून उभी करणं.

एक महत्त्वाचं. गॅरेज सेलमधून किंवा कुणा जुन्या स्कीअरकडून मिळालेला फ्लोरो (फ्लोरिन असलेल्या) वॅक्सचा डबा कृपा करून पाठवू नका. ते वॅक्स वेगवान होतं हे खरं, पण त्यातली पीफास रसायनं शरीरात आणि पाण्यात वर्षानुवर्षं टिकतात, इस्त्रीने वितळवताना निघणारा धूर तर वॅक्स लावणाऱ्याच्याच छातीत जातो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये २०२३-२४ च्या सीझनपासून त्यावर पूर्ण बंदी आहे आणि मिनेसोटात १ जानेवारी २०२५ पासून मुद्दाम पीफास घातलेलं स्की वॅक्स विकायलाच कायद्याने मनाई आहे. बंद ट्रेलरमध्ये लहान मुलांच्या आसपास मी ते उघडू देत नाही.

आता खाणं, तुमचा सगळ्यात लांब प्रश्न. शाकाहारी असण्याने काही अडत नाही, आधी कळवलं नाही तर मात्र अडतं. आदल्या रात्री टीम बहुतेक पास्ता खाते, सॉस मांसाचा की बिनमांसाचा एवढंच बघायचं असतं, पण फॉर्मवर शाकाहारी लिहिलं नसेल तर चाळीस पोरांच्या रांगेत शेवटी पोरीला कोरडा पास्ता आणि लेट्यूस मिळतं, आणि पोरगी लाजून काही बोलत नाही आणि तशीच झोपते. अंडं चालतं का, चीज चालतं का, सगळं स्पष्ट लिहा. हॉटेलमध्ये फ्रिज आणि मायक्रोवेव्ह असतो का ते विचारून घ्या, असेल तर मऊ वरणभात किंवा खिचडीचा एक डबा द्या, दुसऱ्या दिवशीच्या रेसनंतर तो डबा ती पाच मिनिटांत संपवेल. तूप-गूळ पोळीचा रोल बसमध्ये खायला उत्तम, पराठे, दशम्या, खजूर, तिळाचे लाडू, केळी, सगळं चालतं. शेंगदाण्याची चिक्की आणि कूट घातलेलं काहीही देण्याआधी मात्र टीममध्ये कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का ते विचारायचंच, बंद बसमध्ये हा गमतीचा विषय नाही. रेसच्या दिवशी नाश्ता रेसच्या अडीच-तीन तास आधी, तिला सवयीचं असेल तेच, ओटमील म्हणा, पोहे म्हणा, जॅम-ब्रेड म्हणा. नवीन जेल, नवीन एनर्जी ड्रिंक त्या दिवशी नको. मग रेसच्या तासभर आधी अर्धं केळं किंवा असंच काहीतरी छोटं. पाणी पिणं पोरं थंडीत विसरतात कारण तहान लागत नाही, म्हणून थर्मासमध्ये कोमट पाणी किंवा पातळ लिंबू सरबत साखर-मीठ घालून द्या, आणि साधी बाटली असेल तर ती उलटी ठेवायची, कारण बर्फ वरच्या बाजूने धरतो, उलटी ठेवली तर झाकण मोकळं राहतं.

लोहाचं मात्र मनावर घ्या. वाढत्या वयाची, पाळी सुरू झालेली, शाकाहारी आणि रोज दोन-दोन तास ट्रेनिंग करणारी मुलगी म्हणजे लोह कमी होण्याची सगळी कारणं एका जागी. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, खाली गेलेलं असू शकतं, आणि मग पोरगी चढावर दमते, झोप पुरत नाही, कोचला वाटतं आळस करतेय, आईला वाटतं मोबाइल बघत बसली होती. सीझनच्या आधी आणि मध्ये एकदा तिच्या डॉक्टरांना सांगून फेरिटिन तपासून घ्या. गोळ्या मात्र आपल्या मनाने सुरू करू नका, डॉक्टरांनी मात्रा सांगू द्या. घरी कडधान्यं, पालेभाज्या, आणि त्यावर लिंबू, जेवणासोबत चहा नको, एवढं तर आपल्याला जमतंच.

आणि याच्याच जोडीने एक विनंती, तिच्या शरीराबद्दल काही बोलू नका. बारीक दिसतेस, जाड झालीस, मांड्या केवढ्या झाल्या, यातलं काहीही नको, आजीलाही सांगून ठेवा. जेसी डिगिन्स माहिती असेलच, इथलीच आहे, ॲफ्टनची, स्टिलवॉटर हायस्कूलकडून हीच पोरांची स्पर्धा खेळलेली, २०१८ ला प्योंगचांगला किकन रँडलबरोबर टीम स्प्रिंटमध्ये अमेरिकेला क्रॉस-कंट्री स्कीचं पहिलं ऑलिंपिक सोनं मिळवून दिलं. ती स्वतः तरुणपणी ईटिंग डिसऑर्डरमधून गेली, मिनेसोटातच उपचार घेतले आणि त्याबद्दल उघडपणे बोलते. तिने ते बोलल्यामुळे आमच्या पोरींना मदत मागणं सोपं झालंय, याबद्दल मला तिचा तिच्या मेडल्सपेक्षा जास्त आदर आहे. गालावर ग्लिटर लावून रेस करायची तिची पद्धत पण सगळ्या टीमच्या मुलींनी उचललीये, तेव्हा तुमची लेक चमकी लावून आली तर रागावू नका.

हॉटेल आणि सुरक्षितता. हे विचारायला लोक संकोचतात आणि विचारायलाच हवं. एका खोलीत साधारण चार मुली, त्याच टीमच्या, वयाने जवळच्या. नात्यात नसलेल्या मोठ्या माणसाने, मग तो कोच असो की मदतनीस, अल्पवयीन मुलाबरोबर खोली शेअर करायची नाही, एकट्या मुलाला एकट्याने गाडीतून न्यायचं नाही, आणि एकट्याशी बोलायचं असेल तर दुसऱ्याला दिसेल आणि मध्ये येता येईल अशा जागीच. सेफस्पोर्टच्या (खेळाडूंना गैरवर्तनापासून जपणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या) अखत्यारीतल्या क्लबांना हे बंधनकारक आहे, शाळांचे स्वतःचे नियम असतात. तुम्ही कोचला सरळ विचारा, किती मोठी माणसं सोबत आहेत, त्यात बाई किती, रात्री खोल्या कोण तपासतं, रात्री काही झालं तर पोरीने कुठल्या नंबरवर फोन करायचा. चांगला कोच या प्रश्नांनी दुखावत नाही. आणि उत्तर टाळलं जात असेल तर तिथे मात्र मी पाठवणार नाही. इन्शुरन्स कार्डाचा फोटो, औषधांची यादी, ॲलर्जी, तुमचे दोघांचे नंबर, हे कोचकडे कागदावर असू द्या, उत्तरेत जंगलात नेटवर्क जातं. पाळीचं सामान तारखेचा हिशोब न करता बॅगेत ठेवा.

झोपेचं सांगायचं तर पहिल्या रात्री मुली झोपतच नाहीत, हा सगळीकडचा अनुभव, त्यामुळे बुधवार-गुरुवारी घरी लवकर झोपवा. होमवर्कसाठी बुधवारीच टीचरना भेटून शुक्रवारचं काम मागून घ्यायला तिलाच सांगा, शाळेच्या टीमसाठी बुडलेला दिवस रीतसर सुट्टीत धरतात पण काम कुणी घरी आणून देत नाही. बसमध्ये जाताना अभ्यास होतो, येताना होत नाही.

तुम्ही जायचं का? जा की, जरूर जा, पण पोरीला बसनेच जाऊ दे. बसमध्येच टीम तयार होते, गाणी, पत्ते, कुणाच्या तरी खांद्यावर डोकं टाकून झोपणं, हे तुमच्या एसयूव्हीच्या हीटेड सीटवर बसून मिळत नाही. स्पर्धेत तुमची जागा चढावर. स्टार्ट-फिनिशला सगळे असतात, पण निम्म्या चढावर जिथे पाय जड होतात तिथे नाव घेऊन ओरडणारं कुणी असलं की पोरांना फार बरं वाटतं, आणि फक्त आपल्याच पोरीचं नाव नको, टीममधल्या सगळ्यांची नावं पाठ करून जा, शेवटून दुसऱ्या आलेल्या मुलासाठी सुद्धा तेवढ्याच जोरात. मराठीत ओरडा, चालतं, आमच्याकडे आता गोऱ्या पोरांनापण "चल चल चल" कळतं. टेक्निकच्या सूचना ओरडू नका. ट्रेलवर चालताना खाचांमध्ये पाय ठेवू नका, कडेने चाला. आणि रेस संपल्यावर पहिला प्रश्न कितवी आलीस हा नको, कोरडे कपडे घातलेस का, काही खाल्लंस का, एवढं विचारा आणि तिला टीमकडे परत जाऊ द्या. रेसबद्दल बोलायचं असेल तर ती बोलेल, बहुतेक रविवारी रात्री घरी, उशिरा, तुम्ही झोपायला निघालात की.

आणि मदत करायची इच्छा असेल तर जेवणाची करा. टीम पॅरेंट्सच्या साइनअपवर गरम सूप किंवा छोले घ्या, मोठा क्रॉकपॉट भरून मसूर सूप एकदा कुणी आणलं होतं, पंधरा मिनिटांत तळ दिसला. आपल्या लोकांना वाटतं की आपल्याला स्कीमधलं काही कळत नाही मग आपण काय करणार. बिब (अंगावरचे नंबर) वाटणं, फाटकाशी उभं राहणं, वळणावर कुणी पडलं तर ओरडून मागच्यांना सांगणं, याला स्की यावी लागत नाही.

कॉलेजचं तुमच्या मिस्टरांनी विचारलंय म्हणून लिहिते. स्कीच्या जोरावर ॲडमिशन किंवा स्कॉलरशिप हा प्लॅन धरून चालू नका. स्की टीम असलेली कॉलेजं मुळातच थोडी, आणि तिथे युरोपातून आलेली तयार पोरं असतात. ती पुढे खरंच वेगवान झाली, विभागाच्या टीममध्ये निवडली जाऊन ज्युनिअर नॅशनल्सला गेली, तर विमानाने जाणं आलं, आणि त्या वेळेसाठी आत्ताच सांगून ठेवते, बूट कायम केबिन बॅगमध्ये. स्की हरवली तर उसनी मिळते, पायाला बसलेला बूट उसना मिळत नाही. ज्वलनशील लिक्विड वॅक्स आणि टॉर्चचा गॅस विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाही.

खर्चाचं म्हणाल तर ट्रिपची फी भरणं जड जात असेल तर ॲथलेटिक ऑफिसला मेल करा, बऱ्याच शाळांत यासाठी मदत असते आणि टीममध्ये कुणाला कळतही नाही.

बॅग मात्र तिला भरू दे. यादी फ्रिजवर लावा, गुरुवारी रात्री तिने एकेक वस्तू ठेवून टिक करायची, तुम्ही स्वयंपाकघरात थांबा. काही राहिलं असं दिसलं तर "हातमोजे?" एवढंच विचारा.

शेवटचं राहिलं, तुम्ही विचारलेले टो वॉर्मर, म्हणजे पायाच्या बोटांपाशी ठेवायची गरम पाकिटं. रेसच्या बुटात ते घालू देऊ नका, जागा होत नाही, बोटं आवळली जातात, रक्त कमी पोचतं आणि पाय उलट जास्त गार पडतात. रेसच्या आधी आणि नंतर चालायच्या स्नो बूटमध्ये घातले तर चालतील. मिटनमधले हँड वॉर्मर कधीही चालतात, पाच-सहा जोड द्या, दोन तिला लागतील, बाकीचे मैत्रिणी मागून नेतील. बुटाचा साइज आणि तिचं वजन कळवलंत तर पुढच्या स्वॅपला मी बघून ठेवते.